प्रणिताच्या दारातली सलामी

हणमा, त्या दिवशी साताऱ्याच्या मैदानावर मी तुझं नाव घेऊन खोटं बोललो. तीन पोरांना आपल्या बसच्या मागे नेलं आणि सांगितलं, "सरांचा निरोप आहे. बिगुल ओठांना लावायचा, गाल फुगवायचे, पण फुंकायचं नाही." तू तेव्हा नावनोंदणीच्या टेबलापाशी रांगेत उभा होतास. तुला काही ठाऊक नव्हतं. माझ्या नावावर पोरांनी ऐकलं नसतं, म्हणून तुझं घेतलं. एवढं एक वाक्य खरं बोलायला मला चौदा वर्षं लागली, आणि ते ऐकायला तू थांबला नाहीस.

माजी विद्यार्थी तुझी स्मरणिका काढताहेत. माझ्याकडे आले आणि म्हणाले, सर, तुम्ही त्यांचे बालमित्र, तुमचा लेख पहिला. मी हो म्हणालो. तू शिस्तप्रिय होतास, निर्व्यसनी होतास, संगीताचा उपासक होतास, असं लिहून दोन पानं भरली आणि फाडून टाकली. निर्व्यसनी कसला, वर्गात येताना तंबाखूची चिमूट खिडकीबाहेर थुंकायचास. आणि संगीताचा उपासक म्हटलेलं ऐकून तू मेंदी लावलेल्या मिशांतून फिस्सकन हसला असतास. मला तुझं कौतुक करायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तू असा निघून गेलास याचा मला भयंकर राग आला आहे.

मेढ्याच्या वरच्या अंगाला आपलं गाव. एका बाकावर बसून आपण शिकलो. तू पलटणीत गेलास, तिथल्या बँडमध्ये बिगुल वाजवलास. मी बी.एड. करून सांगलीला विश्रामबागच्या शाळेत लागलो. तू निवृत्त होऊन आलास तेव्हा शाळेची वाद्यं जिन्याखालच्या खोलीत पडली होती. ड्रमवर पारव्यांची शीट, बिगुलांना हिरवट गंज. संस्थेच्या लोकांना मीच गळ घातली. मीच तुला सांगलीला आणलं. हे मी चारचौघांत फार वेळा सांगितलं आहे, तुझ्यासमोरही. तू दर वेळी मान डोलवायचास.

पहिल्या महिन्यात पोरं गळायला लागली. विश्रामबागेत सकाळी सहापासून शिकवणीचे वर्ग भरतात, पोरांना श्वास घ्यायला वेळ नसतो. पालकसभेत एकानं विचारलं की बँडचे मार्क मिळतात का. मी पर्यवेक्षक होतो, उठून सर्वांगीण विकासावर बोलू लागलो. तू मला मध्येच थांबवलंस.

"मार्क न्हाई मिळत," तू म्हणालास. "पन पोरगं सकाळी हाका न मारता उठतंय. एक म्हैना बगा. न्हाई उठलं तर काढून घ्या."

लोक हसले. मला राग आला होता. मी इतकं नीट बोलत होतो.

मग तू ती सलामी सुरू केलीस. ज्या पोराला पहिली धून पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक येईल, त्याच्या घरी येत्या रविवारी सकाळी सगळा बँड संचलन करत जायचा. दारात उभं राहून ती धून वाजवायची. पोर पुढे, बाकीचे मागे. पहिली सलामी एका रिक्षावाल्याच्या घरी झाली. तो बनियनवर बाहेर आला, काय चाललंय ते कळेना, म्हणून सरळ ताठ उभा राहिला. त्याची बायको आरतीचं ताट घेऊन धावत आली आणि कुणाला ओवाळायचं ते न सुचल्यानं तिनं मोठ्या ड्रमलाच हळदकुंकू लावलं. तू ते कुंकू पुसू दिलं नाहीस. दुसऱ्या दिवसापासून पोरं माझ्याआधी शाळेच्या फाटकापाशी उभी. "सर, माझ्या दारात कवा?" एवढंच विचारायची. प्रोत्साहनावर मी प्रशिक्षणं घेतली होती, तक्ते लावले होते. त्यातलं काही चाललं नव्हतं, आणि हे चाललं. मला आनंद झाला. थोडा झोंबलाही तो आनंद, आता खोटं कशाला बोलू.

दुसरी तुझी रीत याहून वेगळी. सरावात कोणी चुकलं तर तू बँड थांबवायचास आणि कोण चुकलं ते कधीच सांगायचा नाहीस. कान तुझे तयार होते, तुला नेमकं ठाऊक असायचं. पण तू नुसता उभा. पोरं उन्हात उभी. चुकलेल्या पोरानं आपण होऊन हात वर करायचा आणि म्हणायचं, "मी, सर." की तू म्हणायचास, "शाबास. पयल्यापासनं." बास. ना रागावणं, ना शिक्षा. एकदा फार वेळ कोणी हात वर करेना, तेव्हा मी तुझ्या कानात म्हणालो, अरे नाव घेऊन टाक, तास संपत आला. तू म्हणालास, "मी नाव घेतलं तर चूक माजी झाली रं. त्येची र्‍हाती कुटं?"

मला ते छान वाटलं होतं. शिक्षकांच्या बैठकीत मी ते वाक्य माझं म्हणून वापरलंसुद्धा.

प्रणिता आठवीत होती. तिच्या वडिलांचं सांगलीतच भांड्यांचं दुकान. मितभाषी जैन कुटुंब, पोरगी त्याहून मितभाषी. सहावीत असताना बिगुल मागून घेतला आणि दोन वर्षं तिचा सूर फाटत राहिला. ती दुकानाच्या मागच्या गोदामात सराव करायची. वडील हसून सांगायचे की पातेली किणकिणतात, गिऱ्हाइकं दचकतात. तिच्याबरोबरच्या सगळ्यांच्या दारात सलामी होऊन गेली. प्रत्येक सलामीला ती मागच्या रांगेत हजर. तू तिला कधी हलकं काम दिलं नाहीस आणि कधी खोटं शाबासही म्हणाला नाहीस. मी एकदा सुचवलं की तिला झांजा दे. तू म्हणालास, "तिनं बिगुल मागितलाय."

त्या वर्षी संस्थेनं मला बोलावून सांगितलं की यंदा साताऱ्याच्या स्पर्धेत ढाल आली नाही तर बँड बंद. रविवारी सकाळी गल्ल्यांतून गोंगाट होतो, अशा तक्रारीही आल्या होत्या. बँड बंद म्हणजे तू घरी. हे मी तुला सांगितलं नाही. माझ्यापाशीच ठेवलं आणि त्याच्या जोरावर, हणमा, मी स्वतःला फार मोठा समजत साताऱ्याला आलो. तुला वाचवायला निघालो होतो ना मी. तीन पोरांचे सूर कच्चे होते. तीन पोरं गप्प राहिली तर ढाल येते, तू राहतोस, बँड राहतो. सोपा हिशेब वाटला. त्या तिघांत प्रणिता होती.

ढाल आली. परतीच्या बसमध्ये पोरं गात होती, ती तिघं खिडकीला डोकं टेकून बसली होती. त्यांतल्या एका पोरानं तुला विचारलं असावं. कराड मागे पडलं तेव्हा तू माझ्या शेजारी येऊन बसलास. आवाज अगदी खाली.

"माजं नाव घेतलंस?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठीच केलं. बँड बंद करणार होते ते."

"मंग करू द्यायचा की."

"आणि तू काय केलं असतंस?"

"गावाकडं गेलो असतो. म्हशी पाळल्या असत्या. तुला काय वाटलं, मी हितं नोकरी कराया आलोय? आरं, ज्येला येत न्हाई त्येच्यासाठी तर हाय ह्यो बँड. ज्येला येतंय त्यो वाजवंलच की कुटंबी." उठताना म्हणालास, "रविवारच्या आत सांग तिघास्नी. तुजं तू सांगायचं. मी न्हाई सांगणार."

मी हो म्हणालो. शुक्रवारी ठरवलं, शनिवारी ठरवलं. शनिवारी त्या तिघांना बोलावलंही. ते येऊन उभे राहिले, आणि मी त्यांना स्पर्धेतल्या यशाबद्दल एक-एक पेन दिलं. प्रणितानं पेन घेतलं, थँक्यू सर म्हणाली. रविवारी मी घराबाहेर पडलोच नाही. सोमवारी ती बिगुल तुझ्या टेबलावर ठेवून गेली. वर्षभरात आणखी पोरं गेली. पोरांना सगळं कळतं. ज्या बँडमध्ये गप्प बसायला सांगतात तिथं कोण राहील? तू ते वर्ष पुरं केलंस आणि मेढ्याकडे निघून गेलास. तिथल्या एका लहानशा शाळेत पुन्हा पहिल्यापासून. जाताना मी ढालीसोबत आपला फोटो काढू म्हणालो, तर तू मुद्दाम पाणी प्यायला निघून गेलास.

पुढे मी मुख्याध्यापक झालो. दर जत्रेला गावी भेटायचास. गुलालानं माखलेला, घसा बसलेला, आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"काय हेडमास्तर, सांगितलंस?"

"सांगतो रे."

"बरं."

एका जत्रेत तू विचारलं नाहीस. मला हायसं वाटलं. आता लिहितानाही त्या हायसं वाटण्याची शिसारी येते.

तुला आमच्या शाळेचा आजचा बँड बघायला मी कधीच बोलावलं नाही. का, ते ऐक. पांढरे हातमोजे आहेत, लाल पट्टे आहेत, वाद्यं चकाचक आहेत. आणि स्वातंत्र्यदिनाला मैदानाच्या दोन कोपऱ्यांत स्पीकर असतात. धून स्पीकरमधून येते. पोरं बिगुल ओठांना लावून गाल फुगवतात. पालक मोबाइलवर चित्रण करतात, सूर स्वच्छ, पाहुणे खूश. सुचवलं एका तरुण शिक्षकानं, परवानगी दिली मी. त्याला काय सांगणार होतो? युक्ती त्याची नव्हतीच. तीन पोरांना गप्प करून मी सुरुवात केली होती, त्यानं उरलेल्या रांगा गप्प केल्या.

मग तू गेलास. मी सकाळीच गावी पोचलो. तुझ्या त्या डोंगरातल्या शाळेची पोरं वाद्यं घेऊन आली होती. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना. ओढ्याकडे निघालो तशी ती पुढे चालू लागली. गणवेश धड नाहीत, एकीच्या पायात चपला, ड्रमची कातडी सैल. थोडं अंतर गेल्यावर कुणाचा तरी बिगुल फाटला. वाजवणं थांबलं. सगळी पोरं जागच्या जागी उभी. मागे तुला खांद्यावर घेतलेली माणसं, तीही थांबली. पाहुण्यांतला एक जण कुजबुजला, आता काय झालं? सगळं गाव उभं होतं आणि वाट बघत होतं. मग एका मुलीनं हात वर केला. रडत होती. "मी," म्हणाली. सर म्हणायला समोर कोणी नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी म्हटलं, "पयल्यापासनं," आणि धून पुन्हा सुरू झाली.

मी तुझ्या उजव्या पायाशी चालत होतो. त्या क्षणी मी हात वर केला असता तर कुणाला काही कळलं नसतं. केला नाही.

सांगलीला आल्यावर जुन्या पोरांना फोन लावले. दहाव्याला गावी येण्यासाठी एक बस करायची होती. प्रणिता आता इथल्याच एका प्रयोगशाळेत रक्त तपासते. फोनवर नीट बोलली, माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाली, "सर, मी नाही येणार."

मी म्हटलं, सुट्टीची अडचण असेल तर मी बोलतो.

"सुट्टी आहे. मला यायचं नाही. त्या दिवशी साताऱ्याला जाताना बस चहाला थांबली, तेव्हा लांब जाऊन मी वाजवून दाखवलं होतं बँडच्या सरांना. पहिल्यांदाच आलं होतं मला, पूर्ण. म्हणाले, आलं गं तुला, रविवारी तुझ्या दारात सलामी. आणि मैदानावर तुमच्याकडून निरोप पाठवला की फुंकू नको. तोंडावर सांगायचीसुद्धा हिंमत झाली नाही त्यांना."

समोरच्या बसच्या यादीतलं तिचं नाव मी खोडलं.

"आणि वर रविवारी आले सगळा बँड घेऊन. मी खिडकीतून विचारलं की गप्प राहायला तुम्हीच सांगितलं होतं ना. म्हणाले, बँडमधलं समदं माझंच असतंय बाळ. मी दार लावून घेतलं. ते बंद दारासमोर पूर्ण धून वाजवून गेले. शेजारीपाजारी हसत होते. वडिलांनी जाऊन पोरांना पेढे दिले. मी बाहेर गेलेच नाही. जाऊ द्या सर, गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हासुद्धा, हणमा. तू ओढ्याकाठी राख होऊन पडलेला, आणि मी "बरं" म्हणालो.

आता माझं ऐक. तिला धून आली होती हे तू मला का नाही सांगितलंस? बसमध्ये माझ्या शेजारी बसलास तेव्हा एवढंच म्हणाला असतास, सदा, तिला येत होतं रे, तर मी त्याच क्षणी उठून तिच्यापाशी गेलो असतो. गेलो असतो का? माहीत नाही. पण सांगायला हवं होतंस. आणि त्या बंद दाराबद्दल इतक्या जत्रांत एक शब्द नाही. कशासाठी? मी आपण होऊन हात वर करावा म्हणून? मी तुझ्या रांगेतलं पोर नव्हतो. तास संपला, वर्ष संपलं, तुझे केस गेले, माझे गुडघे गेले, तरी तू आपला उभा. तुझ्या त्या रीतीची किंमत कुणी भरली? तू भरलीस ते तुझं तू बघ. पण त्या पोरीनं भरली. तिला वाटत राहिलं की ज्या माणसानं तिला दोन वर्षं झांजा दिल्या नाहीत, त्यानंच ऐनवेळी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. त्या खिडकीखाली उभं राहून तुला एक वाक्य बोलता आलं असतं. नाही बोललास. माझं नाव घेतलं असतं तर चूक तुझी झाली असती, असंच ना? जळो ते तत्त्व. तुझ्या तत्त्वापेक्षा ती आठवीतली पोरगी मोठी होती, आणि हे तुला कुणीतरी तू जिवंत असताना तोंडावर सांगायला हवं होतं. सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याला ते सांगण्याचं तोंड नव्हतं.

एवढं भांडूनही राग पुरता बाहेर पडत नाही. कारण तू त्या बंद दारासमोर धून पूर्ण वाजवलीस. अर्ध्यावर थांबून परत जाता आलं असतं. तिला आली होती, म्हणून तिची सलामी तू पूर्ण केलीस. इतकं सरळ माणसानं कधी असू नये, हणमा. दुसऱ्यांना शेजारी उभं राहता येत नाही.

रविवारी सकाळी तिच्या घरी गेलो. घर तेच, बाहेरचा रंग नवा. वडील पायरीवर पेपर वाचत होते. या, या सर म्हणत उठले, आत हाक मारली. ती ओढणीला हात पुसत आली आणि म्हणाली, "आत या ना." मी म्हटलं, नको, इथंच बरं आहे. तुझी पोरं जिथं उभी राहिली असतील, तिथं फाटकाबाहेर मी उभा होतो. समोरच्या घरातली बाई रांगोळी काढता काढता बघत होती. बघू दे म्हटलं.

मी सांगितलं. निरोप सरांचा नव्हता. सरांना माहीतच नव्हतं. मी त्यांचं नाव वापरलं. त्यांनी मला तुला सांगायला सांगितलं होतं आणि मी तुला पेन दिलं.

तिनं विचारलं, "त्यांना नंतर कळलं होतं?"

"त्याच दिवशी, परतीच्या बसमध्ये."

"मग मी खिडकीतून विचारलं तेव्हा..."

"तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं."

ती पायरीवर खाली बसली. वडिलांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. ती म्हणाली, "मी दार लावलं हो त्यांच्या तोंडावर." रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला काय वाटलं होतं? मला येत नाही?"

मी घरून शब्द जुळवून आणले होते. संस्था, ढाल, बँड वाचवायचा होता, तुझा बिचाऱ्याचा संसार, सगळं ओळीनं पाठ केलं होतं. त्यातलं एकही मी तिला सांगितलं नाही. तुझ्या पोरांसारखा नुसता उभा राहिलो. कुणी माझं नाव घेतलं नाही. गल्लीत एक दूधवाला येऊन थांबला होता, तोही हलेना.

"हो," मी म्हणालो. "मला वाटलं, तुला येत नाही. मी विचारलंही नाही. मी चुकलो, प्रणिता. सर नाही चुकले. मी. मला माफ कर."